मेंढपाळणीच्या घराण्याची वही

माझा स्वभाव हेवेखोर आहे. चाळिशी उलटल्यावर हे सांगायला काही वाटत नाही. सोळाव्या वर्षी मात्र मला वाटायचं की मी अगदी न्यायी आहे आणि वाटणी करणाराच चुकलाय. त्या वाटणीत सगळ्यात जास्त कुणाला मिळालं असेल तर माझ्या मामेबहिणीला.

आम्ही धुळ्याला राहायचो. वडील एका शाळेत इंग्रजी शिकवत. दोन खोल्या, चार भावंडं आणि अभ्यासाला एक टेबल, तेही इस्त्रीचं. खानदेशातल्या सगळ्या लेकींसारखी आईही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची, जळगावला. धाकटी तिघं वडिलांजवळ राहायची आणि मी थोरली म्हणून आईबरोबर. एसटीने पारोळा, एरंडोल करत पोचेपर्यंत ड्रेस पाठीला चिकटलेला असायचा. मामाच्या फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा ऐकू यायचा तो कूलरचा आवाज. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात व्हायची.

मामेबहीण एकुलती एक, माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी. तिला वेगळी खोली होती. तिच्या खोलीला आतून कडी होती. तिचे केस कमरेपर्यंत आणि ते विंचरून द्यायला मामी रोज पाऊण तास बसायची. माझी आई माझी वेणी घालताना तोंडात रिबीन धरून धाकट्याला रागावत असायची. मामाचं पाइपांचं आणि मोटारींचं दुकान होतं, गावाकडे रावेरच्या बाजूला केळीची शेती होती, आणि संध्याकाळी तो घरी आला की आधी लेकीला हाक मारायचा, मग चपला काढायचा.

मला काही कमी मान होता असं नाही. भाची म्हणून पहिलं ताट मला. मामा मला 'भाचीबाई' म्हणायचा आणि आखाजीला रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायचा. पण पाया पडून घेण्यात आणि कडी असलेली खोली असण्यात फरक असतो. मान पाहुणीला देतात, आणि पाहुणी परत जाते.

माझ्याकडे तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे इंग्रजी. वडिलांनी आम्हाला जेवताना शब्द पाठ करायला लावले होते, मीठ मागायचं तर इंग्रजीत मागायचं. मामेबहिणीला मात्र इंग्रजीची धास्ती होती. स्वतःचं नाव, वारांची नावं, वर्गाचा फळा, एवढंच तिला धड वाचता यायचं. त्या वर्षी आम्ही दोघींनी दहावीची परीक्षा दिली होती आणि इंग्रजीच्या पेपरचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मी मुद्दाम काढायचे.

त्या मे महिन्यात आम्ही गेलो तर मामाकडे कॉम्प्युटर आला होता. दुकानासाठी म्हणून घेतला, पण दुकानात धूळ फार म्हणून घरी पुढच्या खोलीत ठेवलेला. त्यावर मामीने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि खोलीत जायचं तर चपला बाहेर. समोर एक फिरती खुर्ची. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर इतक्या जवळून पाहिला आणि माझी नजर खुर्चीवरच खिळली. मामेबहीण तिच्यावर एक पाय दुमडून बसली होती आणि दुसऱ्या पायाने भिंतीला रेटा देऊन गोल फिरत होती.

"जोडून देणाऱ्याने एक खेळ टाकून दिला हाये," ती म्हणाली. "राक्षसांचा, जादूचा. पन सगळं इंग्लिश हाये. तू येशील म्हणून मी थांबले होते."

आपल्यासाठी कुणी थांबलंय हे ऐकून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती माझ्यासाठी थांबली नव्हती, माझ्या इंग्रजीसाठी थांबली होती.

खेळ दुसऱ्या दिवशी सुरू करायचं ठरलं, पण दुसऱ्या दिवशी भाट आला.

मामाच्या घराण्याचा हा वंशावळ सांगणारा भाट दहाबारा वर्षांतून एकदा यायचा. त्याच्याजवळ लाल कापडात गुंडाळलेली हातभर लांब वही होती. तो आला की घरात पाहुणचार, धोतरजोडी, धान्य, आणि दुपारी सगळ्यांनी समोर बसायचं. तो अर्धं हिंदी अर्धं गुजराती बोलायचा. त्याने मांडीवर वही उघडली आणि घराणं गुजरातेतून कसं आलं, तापी कुठे ओलांडली, पहिलं गाव कुठलं वसवलं, हे सगळं एका दमात सांगितलं. मग नावं सुरू झाली. अमक्याचा तमका, तमक्याचे तीन, त्यातल्या थोरल्याचे दोन. मामा हात जोडून ऐकत होता. मामेबहीण पाण्याचं तांब्याभांडं घेऊन दारात उभी होती.

मामाच्या नावाशी भाट थांबला. लेखणी काढली. "आगे?" म्हणाला.

"एक मुलगी हाये," मामा म्हणाला.

भाटाने मान डोलावली आणि लेखणी परत ठेवली. मामेबहीण दोन पावलं पुढे आली आणि भाटाला म्हणाली, "माझं नाव लिहा नं बाबा." ती असं सहज म्हणाली, रोजच्या आवाजात. भाट हसला, अगदी मायेने. बेटीचं नाव यात येत नाही, सासरच्या वहीत तू कुठल्या गावची ते लिहितील, असं काहीसं म्हणाला. त्याने वही मिटली, लाल कापड गुंडाळलं. मामी आत गेली. मामाने खाली बघत सतरंजीचा एक दोरा ओढला. माझ्या आईचंही नाव त्या वहीत नव्हतं, पण तिने कधी विचारलंच नव्हतं.

मी मामेबहिणीच्या तोंडाकडे बघत होते. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तिला एक तरी गोष्ट मिळाली नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कूलरमध्ये पाणी भरून, आम्ही खेळ सुरू केला. ती फिरत्या खुर्चीवर, मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर. तिच्या हातात माउस, माझ्याकडे वाचन. ही वाटणीही कुणी केली नव्हती, आपोआप झाली.

खेळ सुरू होण्याआधी आपण कोण ते निवडायचं होतं. पडद्यावर सहा बायकांची चित्रं आली. चित्रावर बाण नेला की शेजारी वळणदार अक्षरात तिची पूर्वकथा यायची: कुठे जन्मली, कुणी वाढवली, घराबाहेर का पडली. त्या कथेप्रमाणे तिला सुरुवातीला वस्तू मिळायच्या आणि गुण मिळायचे. एक राजघराण्यातली, एक सैनिकाची लेक, एक जादूगाराकडे शिकणारी, एक देवळाच्या पायरीवर सापडलेली, एक मेंढपाळीण आणि एक जहाजावर जन्मलेली. निवड एकदाच. त्या कॉपीत एकाच जणीचा खेळ साठवता यायचा, नवीन सुरू केला की जुना पुसला जायचा.

मी सगळ्या कथा मनात भराभर वाचल्या, आणि जहाजावर जन्मलेलीशी थांबले. तिचं कुठलंच गाव नव्हतं. खलाशांनी तिला वाढवलं, प्रत्येकाने आपापली भाषा शिकवली. त्यामुळे ज्या गावाला ती जाईल तिथले लोक तिला आपलीच समजायचे, कुठल्याही वेशीवर तिला कुणी अडवायचं नाही. ती कुणाच्याच घरी पाहुणी नव्हती. निळी शाल, वाऱ्यावर उडणारे आखूड केस. मला ती इतकी आवडली की मी स्टूल पुढे ओढलं. वडिलांनी जेवताना पाठ करून घेतलेल्या सगळ्या शब्दांचं पहिल्यांदा काही मोल झाल्यासारखं वाटलं.

आणि मामेबहिणीचा बाण नेमका तिथेच येऊन थांबला.

"ही मस्त दिसते नं," ती म्हणाली. "हिचं काय लिहिलं हाये?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "तिला घर नाही, दार नाही," मी म्हणाले. "अंगाला माशांचा वास येतो म्हणून कुणी गावात घेत नाही. तिच्याकडे काहीच नाही."

"अरे देवा," म्हणून तिने बाण काढला. पण तो पुन्हा घुटमळत तिथेच येऊ लागला, कारण चित्र खरंच सुंदर होतं. मला तिला तिथून लांब न्यायचं होतं. बाण मेंढपाळणीवरून जाताना मी म्हणाले, "थांब, ही बघ. हिचं फार मोठं आहे."

मेंढपाळणीची कथा खरं म्हणजे तीन ओळींची होती. डोंगरावर वाढली, झाडपाला ओळखते, एक कुत्रा आहे, थंडीत चालायची सवय आहे. संपलं. मी त्या तीन ओळींकडे बघत वाचायला लागले, बोट फिरवत, मध्येच अडखळत, म्हणजे खरं वाटावं.

"हिचं घराणं जुनं आहे. त्यांची एक मोठी वही आहे. त्यात सात पिढ्यांची नावं आहेत. शेवटचं नाव हिचं."

बाण थांबला.

"हिचं?" मामेबहीण म्हणाली. "मुलीचं नाव लिहिलंय?"

"लिहिलंय. तेच शेवटचं. मग शत्रूने ती वही पळवली. ती शोधायला ही घराबाहेर पडते."

मला पूर्ण माहीत होतं मी काय करतेय. आदल्या दिवशी पाहिलेला तो चेहरा मला आठवत होता, म्हणूनच मी नेमकं तिथे बोट ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मेंढपाळणीवर टिचकी मारली. नाव विचारलं तिथे स्वतःचं नाव टाकलं, एकेक अक्षर शोधत. जहाजावरची माझ्यासाठी शिल्लक राहिली, आणि मी स्टुलावर बसून मनात उड्या मारल्या.

त्या उड्या दोन दिवसही टिकल्या नाहीत. एक तर खेळात घरोघर पुस्तकं होती. प्रत्येक झोपडीत, प्रत्येक तळघरात कपाटं, आणि मामेबहीण एकही कपाट सोडत नव्हती. प्रत्येक पुस्तक उघडायचं आणि मी वाचायचं: काढे कसे करावेत, घोड्याचे आजार, कुठल्यातरी राजाचं लग्न. राक्षस राहिले बाजूला. ती राक्षसाला चुकवून त्याच्या मागच्या कपाटाकडे पळायची. दुपारभर वाचून माझा घसा बसायचा, आणि तिचं एकच: "हीच हाये का बघ नं."

दुसरं म्हणजे घरात सगळ्यांना कळलं. जेवताना मामी विचारायची, "सापडली का वं वही?" मामा दुकानातून आला की लेकीला हाक मारायचा, आणि मग मला विचारायचा, "भाचीबाई, वहीचं काय झालं?" मामीने तर श्रावणात कानबाईला नारळ वाहीन असं हसत हसत कबूल केलं. मी वाढून घेतलेला आमरस तसाच ढवळत बसायचे. एका दुपारी पदरचं सांगितलेलं असं ताटापर्यंत येईल हे मला कसं कळणार होतं?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त झोंबली: ती आनंदात होती. फाटकी घोंगडी आणि काठी घेतलेल्या त्या मेंढपाळणीला ती इतक्या प्रेमाने चालवायची की मला ते बघवेना. गोष्ट माझी, डोकं माझं, आणि सुख तिला. मी तिला जी वाईट म्हणून दिली तीच तिच्या हातात जाऊन चांगली झाली होती.

शेवटी मी म्हणाले, "आता मी माझी एक सुरू करू का? जहाजावरची?"

"ती? माशांचा वास येणारी?" ती हसली. मग खरंच विचार करून म्हणाली, "कर नं. पन आता सुरू केली तर माझी पुसली जाईल. वही सापडली की लगेच तू बस. खुर्ची तुझी. देवाशपथ."

वही सापडेपर्यंत माझी पाळी नव्हती, आणि वही नव्हतीच.

निघायच्या आदल्या दिवशी मी एक प्रयत्न केला. एका मठाच्या तळघरात जाडजूड काळं पुस्तक मिळालं, आत कुठल्यातरी संन्याशांची यादी होती. मी स्टुलावरून उठून उभी राहिले. "हीच," मी म्हणाले. "बघ, नावं आहेत. हीच वही."

ती पुढे वाकली. "माझं नाव दाखव," ती म्हणाली.

स्वतःचं नाव तिला वाचता यायचं. ती ओळीवर बोट ठेवून खालपर्यंत गेली, मग पुढचं पान, मग पुढचं. मी उगाच म्हणत होते की जुन्या लिपीत असेल, पुसलं असेल. तिने शेवटचं पान संपवलं आणि पुस्तक बंद केलं.

"ही नई," ती म्हणाली. "दुसरी असेल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने माझ्यावर संशयही घेतला नव्हता, तिला वाटलं मी घाईत चुकले. मी दुसऱ्या दिवशी आईबरोबर एसटीत बसले आणि एरंडोलपर्यंत खिडकीला डोकं टेकून स्वतःलाच सांगत राहिले की तिच्याकडे सगळं आहे, एवढ्याने तिचं काय बिघडतंय.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत मला तिच्यापेक्षा बरेच मार्क जास्त होते. आईने मामाला शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं आणि मला आठवडाभर शांत झोप लागली. मग तिचं पहिलं अंतर्देशीय पत्र आलं. निकालाबद्दल एक ओळ, आणि मग: "उत्तरेचे सगळे गाव झाले. वही नाही. तू वाचले होते त्यात शत्रूचे काही वर्णन होते का? नीट आठवून लिही."

मी नीट आठवून लिहिलं. म्हणजे शत्रूचा एक डोळा फुटका आहे, असं लिहिलं. का लिहिलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही धड नाही. खरं लिहायला बसले की जहाजावरचीचं सांगावं लागेल, आणि ते सांगायचं म्हणजे मला तिचा हेवा वाटतो हे सांगायचं. त्यापेक्षा एका डोळ्याचा शत्रू सोपा होता.

दुसऱ्या पत्रात तिने लिहिलं की अकरावीला कॉलेजात जाते, आणि एका बाईंकडे इंग्रजीची शिकवणी लावली आहे. "तू नसताना पुस्तके वाचता येत नाहीत. डिक्शनरी घेतली. रोज एक पुस्तक उघडते आणि अडेल तो शब्द वहीत उतरवते. आता चारशे शब्द झाले." तिसऱ्या पत्राची शेवटची ओळ इंग्रजीत होती, आणि त्यात चूक नव्हती. मी तीनदा तपासलं.

त्या ओळीने मला जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला तिची दया यायला हवी होती. नसलेली वही शोधायला ती डिक्शनरी घेऊन रोज बसत होती. पण मला आला तो राग. माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि तीसुद्धा ती उचलून घेऊन चालली होती, आणि ती घ्यायला मीच तिला भाग पाडलं होतं. मी ते पत्र वडिलांना दाखवलं नाही. त्यांनी तिचं कौतुक केलं असतं, आणि तेही मला नको होतं.

दिवाळीत आई भाऊबीजेला गेली, मी बरोबर. मामाच्या घराला नव्या रंगाचा वास येत होता. मामेबहीण फाटकापर्यंत आली, माझी पिशवी घेतली. नेहमीसारखीच होती. फक्त वाटेत तिने वहीचा विषय काढला नाही, आणि मामीनेही काढला नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "चल." पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर सहा चित्रं होती.

"तुझा खेळ?" मी विचारलं.

"पुसला," ती म्हणाली. मग तिने फिरती खुर्ची माझ्याकडे वळवली आणि स्वतः स्टुलावर बसली. "बस. तुझी पाळी."

मी बसले. खुर्ची मला वाटली होती त्यापेक्षा टणक होती. तिने हात पुढे करून बाण मेंढपाळणीवर नेला आणि वाचायला लागली. इंग्रजीत, हळू, प्रत्येक शब्द सुटा. डोंगर, झाडपाला, कुत्रा, थंडी. तीन ओळी. मग मराठीत अर्थ सांगितला, बरोबर. मग बाण जहाजावरचीवर नेला आणि तिचीही कथा वाचली, सगळी, खलाशी, भाषा, वेशी.

"चांगली हाये ही," ती म्हणाली. "माशांचा वास कुठे लिहिलेला नई."

बाण तिथेच ठेवून ती माझ्याकडे वळली.

"का सांगितलं तसं?"

"मला ती हवी होती," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येईना. "तू घेतली असतीस. तू सगळंच घेतेस."

ती जराशी गोंधळली, जणू मी तिला दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होते. "मागायची नं मग," ती म्हणाली. "मी दुसरी घेतली असती. मले काय, कोणतीही चालली असती."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, मीही चिडले असते. मी तिच्या नव्या डिक्शनरीबद्दल, कूलरबद्दल, केसांबद्दल, सगळं एकदम बाहेर काढलं असतं. पण ती चिडली नाही. स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती, पाठ वाकवून, मी बसायचे तशी.

"मले वाटलं," ती म्हणाली, "तिकडच्या लोकांत तरी मुलीचं नाव लिहितात."

एवढंच म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी त्या खुर्चीवर बसून होते. समोर निळी शाल होती, माझी निवड होती, मला अडवायला कुणी नव्हतं. मी टिचकी मारली. जहाज किनाऱ्याला लागलं, वेशीवरच्या शिपायाने मला आपलीच समजून नमस्कार केला, आणि मी दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद करून झाकण घातलं.

स्वयंपाकघरात मामी, आई आणि ती करंज्या करत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही, कुणाला काही माहीत नव्हतं हे माझ्या लक्षात आलं. तिने घरात फक्त वही मिळाली नाही आणि खेळ संपला, एवढंच सांगितलं होतं. मी पाट ओढून बसले आणि सारण भरायला घेतलं. तेव्हाही, त्या घडीलाही, मला तिचा हेवाच वाटत होता. मी तिच्या जागी असते तर सगळ्यांसमोर सांगितलं असतं. तिला सांगावंसं वाटलं नाही, आणि हा मोठेपणाही नेमका तिच्याच वाट्याला यावा याचा मला संताप येत होता.

मामीने दिवाळीला नवीन मिक्सर घेतला होता. तो खोक्यातून काढताना आतला माहितीचा कागद खाली पडला. मामीने तो उचलला आणि सवयीने माझ्याकडे धरला. "भाचीबाई, वाच बरं याच्यात काय लिहिलं हाये. कसा चालवायचा ते सांग."

मी हात पुसून पुढे केला. त्याआधी मामेबहिणीने पिठाच्याच हाताने कागद घेतला. "दे, मी वाचते," ती म्हणाली. रागाने नाही, माझ्याकडे न बघता. मग ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली, अडली तिथे थांबली, पुन्हा वाचलं, अर्थ सांगितला. मामी कौतुकाने बघत होती. जे लिहिलं होतं तेवढंच तिने सांगितलं.

त्यानंतर त्या घरात मला कधी कुणी काही वाचायला दिलं नाही.